ऐन वरातीत लॅपटॉप बंद! डीजे व्यवसायात उतरणाऱ्यांनी आधी हे समजून घ्या



डीजेचा व्यवसाय सुरू करायचाय म्हटलं की पोरं आधी काय विचारतात? बेस १५ इंची घेऊ का १८ इंची, ॲम्प कुठला घेऊ, शार्पी लाइट किती लावू, पिकअप भाड्याची का स्वतःची. लॅपटॉपबद्दल प्रश्न आलाच तर एकच असतो, "सर, घरातला चालेल ना?" आता गंमत बघा. बेस, टॉप, ॲम्प, मिक्सर, जनरेटर असा काही लाखांचा पसारा उभा असतो आणि त्या सगळ्याला गाणं पुरवणारा तो एकटा लॅपटॉप. एक टॉप बंद पडला तर पाहुण्यांना कळतही नाही. लॅपटॉप बंद पडला की सगळा मांडव मागे वळून तुमच्याकडे बघतो.

ऑफिसात लॅपटॉप बंद पडला तर माणूस चहा पिऊन येतो. वरातीत नवरदेव घोड्यावर बसलेला असतो, मामा लोक रंगात आलेले असतात. त्यात रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून. म्हणजे ९ वाजून २० मिनिटांनी तुमचा लॅपटॉप गेला आणि पंधरा मिनिटांनी सुरू झाला, तर ती पंधरा मिनिटं पुढे ढकलून मिळत नाहीत. गिऱ्हाईकाच्या हिशोबात ती गेलीच. मग उरलेले पैसे देताना तो तीच पंधरा मिनिटं काढतो.

म्हणून आज फक्त एवढाच विषय: लॅपटॉप तापतो का, अचानक बंद का पडतो, आणि कारण नेमकं कसं शोधायचं.

आधी उष्णतेचं साधं गणित

लॅपटॉपमधला प्रोसेसर काम करताना तापतो. त्याच्यावरची तांब्याची नळी ती उष्णता पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत नेते आणि पंखा बाहेरची हवा ओढून त्या जाळीतून फेकतो. बस, एवढंच. यात एसी नाही, बर्फ नाही. म्हणजे प्रोसेसर कधीच बाहेरच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. हवेच्या वर किती चढायचं, एवढंच पंख्याच्या हातात.

समजा घरात २५ अंश आहे आणि गाणी मिक्स करताना तुमचा प्रोसेसर ८० अंशांवर जातो. म्हणजे हवेपेक्षा ५५ जास्त. आता तोच लॅपटॉप, तेच काम, पण मे महिन्यातली दुपारची हळद आणि पत्र्याच्या मांडवाखाली ४३ अंश. ४३ अधिक ५५ म्हणजे ९८. बऱ्याच इंटेल लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे तुम्ही काही चूक केली नाही, लॅपटॉप बिघडला नाही, तरी तुम्ही कड्याच्या टोकावर उभे आहात. ॲपलसुद्धा मॅकबुक १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असं सांगते. आपल्याकडे नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि लग्नंही नेमकी तेव्हाच असतात. लॅपटॉप बनवणाऱ्याने आपली लग्नसराई डोळ्यांसमोर ठेवलेली नाही, हे धरूनच चाला.

मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आधी स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. आपल्याला ते कसं दिसतं? आवाजात खरखर येते, वेव्हफॉर्म अडखळत सरकतो, जॉग फिरवला तर गाणं उशिरा प्रतिसाद देतं. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडलात तर 'कर्नल टास्क' नावाची गोष्ट सगळा प्रोसेसर खाताना दिसेल. घाबरू नका, तो व्हायरस नाही. मशीन थंड ठेवायला मॅकच बाकीच्या ॲप्सना मागे ढकलत असतो. एवढं करूनही तापमान वाढतच गेलं तर शेवटचा उपाय म्हणून मशीन स्वतःची वीज तोडतं. ना मेसेज, ना सेव्ह. स्क्रीन काळी.

बंद पडणं दोन जातींचं असतं

इथे बहुतेक जण फसतात. लॅपटॉप अचानक बंद पडला की सगळे म्हणतात, "तापला असेल." दरवेळी तसं नसतं.

उष्णतेने जाणारा लॅपटॉप आधी कुरकुर करतो. पंखा जोरात, तळ हात ठेववत नाही इतका गरम, खरखर, अडखळणं आणि मग बंद. लगेच चालू केला तर दोन-चार मिनिटांत परत जातो. पंधरा मिनिटं सावलीत ठेवला तर व्यवस्थित चालतो.

विजेच्या भानगडीने जाणारा लॅपटॉप काहीही न सांगता जातो. अंग कोमट, आवाज स्वच्छ, आणि खट्कन काळोख. तो क्षण आठवून बघा: जनरेटरमध्ये डिझेल भरायला कोणी बंद-चालू केला होता का? लाइटवाल्याने फोकस लावला होता का? कोणाचा पाय एक्स्टेंशन बोर्डला लागला होता का? चांगली बॅटरी असलेल्या लॅपटॉपला यातल्या कशानेच फरक पडायला नको. वीज गेली तरी तो बॅटरीवर चालत राहतो. बॅटरी मेलेली असेल तरच तो पडतो. म्हणजे दोष जनरेटरचा वाटतो, पण असतो तुमच्या बॅटरीचा.

आमच्या ट्रेनिंगला आलेला यवतमाळकडचा एक मुलगा. दोन वर्षांपासून धंद्यात, मेहनती, स्वतःची पिकअप. एका महिन्यात तीन कार्यक्रमांत लॅपटॉप बंद पडला. पहिल्यांदा दुपारच्या हळदीत. नवरीचा मामाच येऊन उभा राहिला, "काहून भाऊ, बंद काहून पडलं?" दुसऱ्यांदा रात्रीच्या वरातीत. तिसऱ्यांदा पुन्हा हळदीत, आणि तिथे यजमानांनी उरलेले आठ हजार दिलेच नाहीत. त्याच घरातलं पुढच्या महिन्यातलं दुसरं लग्नही हातचं गेलं. दुरुस्तीच्या दुकानात गेला तर "मदरबोर्ड गेलाय, चौदा हजार होतील." पैसे भरायच्या आधी त्याने फोन केला, हे बरं झालं.

मी त्याला एवढंच सांगितलं, "तिन्ही वेळा नेमकं काय काय झालं ते वेगवेगळं लिहून काढ. एकत्र सांगू नकोस." लिहिल्यावर त्यालाच दिसलं. दोन्ही हळदींत आधी दहा-दहा मिनिटं खरखर होती, लॅपटॉप भट्टीसारखा तापला होता. वरातीत मात्र खरखर नव्हती, रात्रीची हवा होती, आणि जनरेटर क्षणभर दबला तेव्हाच मशीन गेलं होतं. एक आजार नव्हताच, दोन होते. म्हणूनच त्याने कूलिंग पॅड आणूनही वरातीत लॅपटॉप पडला आणि 'पॅडचा उपयोग नाही' असं समजून त्याने पॅड काढून टाकला, मग तिसऱ्या वेळी हळदीत परत पडला.

लॅपटॉप उघडला. पंख्याच्या जाळीवर गुलाबी नमदा बसला होता. गुलाल! गणपतीच्या मिरवणुका, सरपंचाची विजयी मिरवणूक, सगळं वर्षभर त्या पंख्याने ओढून घेतलं होतं. त्यावर स्मोक मशीनचा चिकट थर, त्यामुळे धूळ आणखी पक्की. भरीला टेबलावर शोभेसाठी चमकीचं सॅटिनचं कापड, आणि लॅपटॉपच्या हवा घेण्याच्या फटी बरोबर तळाला. पंखा हवा ओढायला गेला की कापडच फटीला चिकटायचं. बॅटरीचा रिपोर्ट काढला तर मूळ क्षमतेच्या सातव्या हिश्श्याइतकीही उरली नव्हती. सफाई आणि नवी थर्मल पेस्ट सातशे, बॅटरी अठ्ठावीसशे, लोखंडी स्टँड पाचशे. चार हजारांत काम झालं. मदरबोर्ड तोच आहे, अजून चालतोय. ते आठ हजार काही परत आले नाहीत, आणि त्या घरातून पुन्हा फोनही आला नाही.

घरीच करायची तपासणी

हे काम सुपारीच्या आदल्या दिवशी नाही, आठ दिवस आधी करा. म्हणजे काही निघालं तर पार्ट मागवायला वेळ मिळतो.

पहिली परीक्षा बॅटरीची. फुल चार्ज करा, डीजे सॉफ्टवेअर उघडा, दोन्ही डेकवर गाणी लावा, कंट्रोलर जोडा आणि चार्जर काढा. अर्धा तास नीट चालायला हवं. ६० टक्के दाखवत असताना मशीन धाडकन बंद पडलं तर बॅटरी संपली, वाद नाही. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढायची एक कमांड आहे, ती व्हिडिओत स्क्रीनवर दाखवली आहे. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची फुल चार्ज क्षमता अशा दोन ओळी शेजारी-शेजारी दिसतात. आणि बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे टचपॅड वर आलाय, तळ टेबलावर डुगडुगतोय, तर परीक्षा वगैरे काही नाही. वापर थांबवा, चार्जिंग थांबवा, बॅटरी बदला. लिथियमची बॅटरी पेटते.

दुसरी परीक्षा उष्णतेची. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखं मोफत ॲप टाका. चार्जर लावून, पंखा-एसी बंद असलेल्या खोलीत पाऊण तास खऱ्या कार्यक्रमासारखं वाजवा. इफेक्ट वापरा, स्टेम्स वापरत असाल तर स्टेम्सही. आणि सगळ्यात वर गेलेला आकडा कागदावर लिहा, सोबत खोलीचं तापमानही. आता वरचं गणित करा: खोली ३० आणि प्रोसेसर ९२, म्हणजे फरक ६२. तुमच्या गावच्या मे महिन्याच्या दुपारी त्यात भर घालून बघा. आकडा शंभरी ओलांडत असेल तर तुम्हाला आजच उत्तर मिळालं, लग्नात मिळण्यापेक्षा बरं.

तिसरं, विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर. त्यात 'सिस्टम' भागात 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल खूण दिसते. यूट्यूबवर पाहून पुष्कळ जण म्हणतात, "सर, एरर ४१ आलाय, तोच दुरुस्त करायचाय." अहो, तो आजार नाही. मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, एवढीच ती नोंद आहे. कारण ती सांगत नाही. पण वेळ अचूक सांगते, आणि ती वेळ जनरेटरवाल्याच्या आठवणीशी ताडून बघता येते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. सफाई, पेस्ट, बॅटरी, नवं विंडोज हे सगळं एकाच दिवशी केलंत तर मशीन सुधारेल कदाचित, पण कशामुळे ते कळणार नाही.

काय करायचं, काय अजिबात नाही

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे उंची. लॅपटॉपच्या तळाखाली दोन-तीन इंच मोकळी हवा. स्टँड नसेल तर दोन लाकडी पट्ट्या. फ्लाइट केसच्या फोमवर ठेवून वाजवू नका, फोम वाहतुकीसाठी असतो. गरम हवा ज्या बाजूने बाहेर पडते तिथे मिक्सर किंवा ॲम्पचा पंखा आला नाही ना, तेही बघा. एकाची गरम हवा दुसऱ्याच्या पोटात जाते. आणि ऊन. काळ्या लॅपटॉपवर थेट ऊन पडलं तर वरचं सगळं गणित कोलमडतं. मांडववाल्याला आधीच सांगून ठेवा की डीजेच्या टेबलावर सावली पाहिजे, आणि सूर्य कुठे सरकणार तेही बघून टेबल लावा.

कूलिंग पॅड चांगला, पण तो लॅपटॉपच्या यूएसबीवर लावू नका. त्याच हबवर कंट्रोलर असेल तर वीज कमी पडून कंट्रोलर मध्येच डिस्कनेक्ट होतो, आणि तुम्ही एक दुखणं घालवून दुसरं आणता. पॅडला मोबाईलचा जुना चार्जर द्या.

बर्फाची पिशवी, थंड पाण्याचा रुमाल हे प्रकार मी ऐकलेत. करू नका. थंड धातूवर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं आणि ते कुठे उतरेल सांगता येत नाही. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नका. तापला तर सावली आणि वारा, एवढंच.

सफाई करताना ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याची पाती टूथपिकने अडवून धरा. मोकळा सोडला तर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. गुलाल किंवा जेजुरीकडच्या कार्यक्रमातला भंडारा उधळला गेला असेल तर त्याच आठवड्यात सफाई. ती पूड पिठासारखी बारीक असते. मी तर म्हणतो, अशा मिरवणुकीत लॅपटॉप नेऊच नका. पेन ड्राइव्हवर चालणारा मिक्सर किंवा मोबाईल तिथे पुरतो.

आता विजेचं. जनरेटरवरून लॅपटॉप-मिक्सरसाठी वेगळी लाइन घ्या, बेसच्या ॲम्पसोबत एकाच बोर्डवर नको. बेसचा ठोका पडला की ॲम्प वीज ओढतो आणि व्होल्टेज दबतं. लॅपटॉपच्या लाइनवर छोटा यूपीएस टाका. चार्जर मूळ वॅटचाच हवा. ९० वॅटच्या लॅपटॉपला मित्राचा ४५ वॅटचा चार्जर लावला तर पिन बसते, चार्जिंगची खूण दिसते, पण जोराचं काम चालू असताना बॅटरी हळूहळू उतरत राहते आणि दोन तासांनी तुम्ही पुन्हा अंधारात. चार्जरसुद्धा तापतो, त्याला गादीखाली, कापडाखाली ढकलू नका.

सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट फार उपयोगी आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये टर्बो बंद होतो. टर्बो म्हणजे थोड्या वेळासाठी जास्त वेग आणि त्यासोबत भरपूर उष्णता. साध्या मिक्सिंगला तो लागत नाही. आपल्याला सुसाट मशीन नको, तीन तास एकसारखं चालणारं हवंय. पण व्हर्च्युअल डीजे किंवा सेराटोमध्ये लाइव्ह स्टेम्स, म्हणजे चालू गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी करणं, किंवा व्हिडिओ मिक्सिंग करणार असाल तर आधी घरी तपासा, कारण त्याला ताकद लागते. गाण्यांचं ॲनालिसिस घरीच करून ठेवा. कार्यक्रमात नवी दोनशे गाणी टाकून मशीनला मोजायला लावू नका. विंडोज अपडेट थांबवा, ब्राउझर बंद. खरखर आली की पोरं ऑडिओ बफर १२८ वरून ५१२ करतात. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला १२८ म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंदांची उसंत, ५१२ म्हणजे साडेअकरा. खरखर थांबते, बरोबर. पण उष्णता तिथेच असते, फक्त तिची सूचना तुम्ही बंद केलेली असते.

आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी टाका. १८ इंची बेसशेजारी फिरती डिस्क थरथरते आणि वाचताना चुकते. गंमत वाटेल, पण २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी एक जुना किस्सा लिहिला होता: विंडोज एक्सपीच्या काळात जॅनेट जॅक्सनच्या 'ऱ्हिदम नेशन' गाण्याचा व्हिडिओ लावला की काही लॅपटॉप बंद पडायचे, इतकंच काय, शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉपही पडायचा. त्या गाण्यातली एक कंपनसंख्या त्या ५४०० आरपीएमच्या डिस्कशी नेमकी जुळत होती. आपल्याकडे तर बेसची भिंत असते.

खर्च कुठून काढायचा?

लॅपटॉपला घरातली वस्तू समजलात तर हा खर्च अंगावर येतो. ऑर्डरच्या हिशोबात धरलात तर येत नाही. उदाहरण घेऊ. लॅपटॉप ६०,००० चा, चार वर्षं वापरणार, वर्षाला ४० ऑर्डर. म्हणजे १६० ऑर्डर, एका ऑर्डरमागे ३७५ रुपये. वर्षातून दोनदा सफाई-पेस्ट मिळून १,६०० धरले तर ४० रुपये आणखी. बॅटरी, चार्जर, यूपीएससाठी ८५ धरा. झाले ५००. प्रत्येक ऑर्डरचे पैसे हातात आले की हे पाचशे वेगळ्या खात्यात. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच. सफाईची वेळही ठरलेली ठेवा: एकदा तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होण्याआधी, एकदा मार्चअखेर.

बॅकअपसाठी दुसरा लॅपटॉप परवडला तर उत्तमच. नाही परवडत? मग मोबाईलमध्ये अर्ध्या तासाचं सलग मिक्स, फ्लाइट मोडवर, आणि ती वायर कार्यक्रम सुरू होण्याआधीच मिक्सरच्या एका चॅनेलला जोडलेली, आवाज तपासलेला. बॅगेत ठेवलेली वायर म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉप गेला तर फेडर वर, गाणं चालू, हे पाच सेकंदांत व्हायला हवं. मदतनीस पोराकडून दोनदा करून घ्या. त्यालाच तेव्हा हे करायचं असतं, कारण तुम्ही लॅपटॉपकडे बघत असता.

आणि कोटेशनमध्ये दोन ओळी आत्ताच वाढवा. एक: डीजेच्या टेबलाला सावली आणि वेगळी वीजजोडणी यजमान किंवा मांडववाला देईल. दोन: आमच्या यंत्रातल्या बिघाडामुळे १० मिनिटांपेक्षा जास्त वेळ संगीत बंद राहिलं तर किती रक्कम कमी होईल, ती ठरलेली. दुसरी ओळ लिहायला पोरं घाबरतात. पण ती नसेल तर रक्कम किती कापायची ते ऐन वेळी नवरीचा मामा ठरवतो.